संघ उभारणाऱ्याची पारख

महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जनरल मॅनेजर हे एक पद असतं. त्या पदावरची व्यक्ती मैदानात उतरत नाही, बाकावरून सूचना देत नाही आणि चषकासोबतच्या छायाचित्रात बहुतेक वेळा मागच्या रांगेत उभी असते. तरीही संघाचा पोशाख कोणत्या अकरा-बारा जणी घालणार, कुणाला किती पैसे मिळणार, कुणाला सोडायचं, दुसऱ्या संघाशी कुणाची अदलाबदल करायची, प्रशिक्षक म्हणून कुणाला आणायचं, हे सगळं तिच्याच निर्णयाने ठरतं. हंगाम संपला की तिच्याबद्दल लोक एवढंच विचारतात, की संघ जिंकला की हरला. हा प्रश्न अपुरा आहे, आणि महिलांच्या खेळात तो अन्यायकारकही ठरतो, हे पुढच्या पानांचं मुख्य सांगणं आहे.

संघ उभारणाऱ्याची पारख तीन गोष्टींवर व्हावी. हातात असलेल्या पैशांत आणि त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीत घेतलेला निर्णय किती शहाणपणाचा होता? त्याच्या हाती आलेल्या खेळाडूचं पुढे काय झालं? आणि तो पद सोडून गेला तेव्हा मागे काय उभं राहिलं? चषक या तिन्हींचं फळ असू शकतं. पण नुसत्या चषकावरून या तिन्हींची उत्तरं मिळत नाहीत.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलपासून सुरू होणारा हा विषय सातारा आणि सांगलीच्या वाचकांपुढे का मांडायचा, याचं उत्तर २०२३ या एका वर्षात आहे. त्या वर्षी १३ फेब्रुवारीला मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. पहिलंच नाव पुकारलं गेलं ते सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाचं, आणि रॉयल चॅलेंजर्स बेंगलोरने तिला ३ कोटी ४० लाखांना घेतलं. त्या दिवसातली ती सर्वांत मोठी बोली होती. मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा पटकावली. ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली. सहा महिन्यांच्या आत दोन शेजारी जिल्ह्यांतल्या तीन मुली तीन वेगळ्या वाटांनी शिखरावर पोचल्या.

तिघींच्या मागची व्यवस्था मात्र एकसारखी नव्हती. स्मृतीच्या बाबतीत एका मोठ्या कंपनीच्या मालकीचा संघ, त्याची ठरलेली थैली आणि पगारी निवडकर्ते होते. प्रतीक्षाच्या बाबतीत तालीम, घर आणि स्पर्धा भरवणारी संघटना होती. आदितीच्या बाबतीत साताऱ्यातले एक प्रशिक्षक प्रवीण सावंत आणि त्यांची अकादमी होती. तिघींचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण त्यांच्या वाटेवर कुणी काय ठरवलं, कुठे पैसा लावला, कुठे कमी पडलं, याचा हिशेब आपण मागितला नाही. खेळाडूचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात, आणि तिला घडवणाऱ्या, निवडणाऱ्या, सांभाळणाऱ्या माणसाचं काम मात्र आपण पाहतच नाही.

खरं तर ही नजर आपल्या भागाला नवी नाही. कुंडलच्या कुस्ती मैदानात बसलेला जुना शौकीन जोड जाहीर झाली की सांगतो, ही चांगली नेमली, ही नुसती नावासाठी नेमली. कुस्ती कोण जिंकेल हा त्याचा दुसरा प्रश्न असतो. नेमणाऱ्याने वजन, तयारी, वय आणि खुराक पाहून जोड लावली का, हे तो आधी बघतो. कमकुवत पोराला बलदंड मल्लासमोर उभं करून निकाल लवकर लावला, तर त्या निकालाचं श्रेय तो नेमणाऱ्याला देत नाही. हीच पारख महिलांच्या व्यावसायिक संघांना लावायची आहे.

आधी बास्केटबॉलचं मूळ घर पाहू. डब्ल्यूएनबीए ही अमेरिकेतली लीग १९९६ मध्ये स्थापन झाली आणि १९९७ च्या उन्हाळ्यात आठ संघांनी तिचा पहिला हंगाम खेळला. तिथल्या जनरल मॅनेजरचे हात दोन नियमांनी बांधलेले असतात. पहिला नियम पगाराच्या एकूण मर्यादेचा. २०२५ च्या हंगामात एका संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून सुमारे १५ लाख डॉलरच खर्च करता येत होते आणि ही मर्यादा सहसा ओलांडता येत नव्हती. सर्वांत वरच्या खेळाडूला अडीच लाख डॉलरच्या आसपास मोजले की उरलेल्या दहा-अकरा जणींची वाटणी आखडायचीच. दुसरा नियम नव्या खेळाडूंच्या निवडीचा. महाविद्यालयांतून येणाऱ्या मुलींना संघ क्रमाने निवडतात आणि मागल्या दोन हंगामांत मागे पडलेल्या संघांमध्ये पहिल्या क्रमांकासाठी सोडत निघते.

या सोडतीमुळे पारख अवघड होते. इंडियाना फीव्हर हा संघ २०१७ पासून २०२३ पर्यंत एकदाही बाद फेरीत पोचला नाही. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर त्यांना अलिया बॉस्टन मिळाली, २०२४ मध्ये पुन्हा पहिला क्रमांक लागला आणि केटलिन क्लार्क मिळाली. त्याच वर्षी संघ बाद फेरीत गेला. यात व्यवस्थापनाची हुशारी किती आणि सोडतीची कृपा किती? क्लार्कला निवडण्यासाठी पारखी नजर लागत नव्हती, ती त्या वर्षी कुणीही निवडली असती. म्हणून तिच्या निवडीचे गुण जनरल मॅनेजरला द्यायचे नसतात. तिच्या भोवती पुढे कोण आणलं, ते पाहायचं असतं.

याच्या उलट उदाहरण गोल्डन स्टेट वाल्किरीजचं आहे. हा संघ २०२५ मध्ये नव्याने लीगमध्ये आला. जनरल मॅनेजर ओहेमा न्यानिन यांना इतर संघांनी राखून न ठेवलेल्या खेळाडूंमधूनच बहुतांश संघ जमवायचा होता. त्यातून घेतलेल्या व्हेरोनिका बर्टनला आदल्या वर्षी एका संघाने सोडून दिलं होतं. इथे तिला भरपूर वेळ आणि जबाबदारी मिळाली आणि हंगामाअखेर ती लीगमधली सर्वाधिक प्रगती केलेली खेळाडू ठरली. प्रशिक्षक नताली नाकासे यांना वर्षाच्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला. ४४ सामन्यांपैकी २३ जिंकून संघ पहिल्याच वर्षी बाद फेरीत पोचला, आणि नव्या संघाने पहिल्या हंगामात असं करून दाखवण्याची ही लीगमधली पहिलीच वेळ होती. विजेतेपद त्यांना मिळालं नाही. तरी दुसऱ्यांनी बाजूला ठेवलेल्या खेळाडूचं मोल ओळखून तिला योग्य जागी उभं करणं हे जनरल मॅनेजरचं खरं काम या हंगामात जितकं स्पष्ट दिसलं, तितकं अनेक विजेत्या संघांतही दिसत नाही.

आपल्याकडे महिला बास्केटबॉलची अशी दीर्घकाळ टिकलेली व्यावसायिक लीग उभी राहिलेली नाही. कबड्डीत २०१६ मध्ये तीन संघांचं महिला आव्हान खेळवलं गेलं. अभिलाषा म्हात्रे, तेजस्विनी बाई आणि ममता पुजारी या तीन नामांकित खेळाडूंकडे तीन संघांची कर्णधारपदं होती. अंतिम सामना एका गुणाने निकाली लागला आणि तरीही ती स्पर्धा वर्षानुवर्षांची लीग झाली नाही. त्यामुळे जनरल मॅनेजरचं काम आपल्या डोळ्यांदेखत, आकड्यांसह आणि सलग काही हंगाम तपासायचं असेल, तर महिला प्रीमियर लीग हेच सर्वांत जवळचं ठिकाण आहे. खेळ वेगळा, पण थैली ठरलेली, परदेशी खेळाडूंवर मर्यादा, लिलाव उघडा आणि निकाल नोंदलेले. सांगलीची मुलगी कर्णधार असलेला संघ या अभ्यासाला सगळ्यांत उपयुक्त पडतो, म्हणून त्याच्या पहिल्या तीन हंगामांवर मी सविस्तर थांबतो.

२०२३ मध्ये प्रत्येक संघाकडे १२ कोटी रुपये होते. बेंगलोरने त्यातला चौथ्या हिश्शाहून मोठा भाग एकट्या स्मृतीवर खर्च केला. रिचा घोषला १ कोटी ९० लाख, एलिस पेरीला १ कोटी ७० लाख आणि रेणुका सिंगला दीड कोटी. म्हणजे चौघींवर साडेआठ कोटी गेले आणि उरलेल्या साडेतीन कोटींत आणखी चौदा जणी घ्यायच्या होत्या. त्या वेळी संघाचे क्रिकेट संचालक माइक हेसन होते. हंगाम सुरू झाला आणि संघ पहिले पाचही सामने हरला. शेवटी आठपैकी दोनच विजय हाती आले. स्मृतीच्या आठ डावांत १४९ धावा झाल्या. लिलाव फसला, असा निकाल त्या मार्च महिन्यात अनेकांनी देऊन टाकला.

निकालाकडे पाहून दिलेला तो निवाडा घाईचा होता. त्या साडेतीन कोटींतून आणि प्रत्येकी फक्त १० लाखांत संघाने दोन फिरकी गोलंदाज घेतल्या होत्या. एक विशीतली श्रेयंका पाटील, दुसरी केरळची आशा शोभना. आशाने तिशी ओलांडली होती आणि राष्ट्रीय संघाचं दार तिच्यासाठी उघडलेलं नव्हतं. या दोन निवडींमागे कुणाचे तरी कष्ट होते. देशांतर्गत सामने पाहणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या माणसांचे. या संघात ती जबाबदारी मलोलन रंगराजन यांच्याकडे होती.

२०२३ च्या अखेरीस मो बोबाट क्रिकेट संचालक आणि ल्यूक विल्यम्स मुख्य प्रशिक्षक झाले. पाच सलग पराभवांनंतर कर्णधार बदला, सगळं मोडून नव्याने बांधा, असा दबाव कोणत्याही व्यवस्थापनावर आला असता. त्यांनी गाभा राखला. स्मृती, पेरी, रिचा, रेणुका, सोफी डिव्हाइन, श्रेयंका, आशा यांना ठेवलं, सात जणींना सोडलं आणि डिसेंबरच्या लिलावात सात जणी घेतल्या. त्यांत ऑस्ट्रेलियाची डावखुरी फिरकी गोलंदाज सोफी मोलिन्यू ३० लाखांत आली. गुडघ्याच्या दुखापतीतून ती नुकतीच सावरली होती, म्हणून ती स्वस्त होती आणि म्हणूनच तिला घेणं जोखमीचं होतं.

पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी आशाने यूपी वॉरियर्झविरुद्ध २२ धावांत पाच बळी घेतले. १७ मार्चला दिल्लीत अंतिम सामना झाला. दिल्ली कॅपिटल्सचा संघ बिनबाद ६४ वर असताना मोलिन्यूने एका षटकात तीन बळी टिपले, श्रेयंकाने १२ धावांत चार घेतले आणि दिल्लीचा डाव ११३ धावांत आटोपला. बेंगलोरने तीन चेंडू राखून आठ गडी राखून सामना जिंकला. २००८ पासून पुरुषांच्या स्पर्धेत झुंजणाऱ्या त्या संघाच्या घरात आलेला लीगचा हा पहिला चषक सांगलीच्या मुलीच्या हाती होता. मे महिन्यात आशा शोभनाने तेहतिसाव्या वर्षी भारताकडून पदार्पण केलं.

बहुतांश त्याच मुली. एका वर्षी आठपैकी दोन विजय, पुढच्या वर्षी विजेतेपद. २०२३ मध्ये हे निवडकर्ते मूर्ख होते आणि २०२४ मध्ये अचानक शहाणे झाले, असं कुणी म्हणेल का? १० लाखांची ती दोन नावं पहिल्या हंगामाआधीच निवडलेली होती. निर्णय आधी चांगला होता, फळ नंतर आलं. संघ उभारणाऱ्याचं मूल्यमापन एका हंगामावर करू नये, याचा याहून नेटका पुरावा आपल्या जवळ नाही.

तिसरा हंगाम या गोष्टीला आणखी एक बाजू जोडतो. २०२५ मध्ये मोलिन्यू गुडघ्याच्या दुखण्याने खेळू शकली नाही. डिव्हाइन, केट क्रॉस, आशा आणि श्रेयंका याही वेगवेगळ्या कारणांनी बाहेर राहिल्या. संघाने पहिले दोन सामने जिंकले, मग सलग पाच गमावले आणि चौथ्या क्रमांकावर हंगाम संपवला. इथे दुर्दैव होतं हे मान्य. पण दुखापतीतून आलेल्या खेळाडूवर भिस्त ठेवणाऱ्याने पर्यायी खेळाडू किती तयार ठेवले होते, हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारायलाच हवा. २०२४ मध्ये ज्या जोखमीचं आपण कौतुक केलं, तिचीच किंमत २०२५ मध्ये चुकवावी लागली. पारख करणाऱ्याने दोन्ही खाती एकाच वहीत मांडली पाहिजेत.

दिल्ली कॅपिटल्सची कहाणी याच वहीतलं दुसरं पान आहे. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी साखळी फेरीत दिल्ली पहिल्या क्रमांकावर राहिली आणि तिन्ही वेळा अंतिम सामना हरली. २०२३ आणि २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सकडून, मध्ये एकदा बेंगलोरकडून. २०२५ चा पराभव तर अवघ्या आठ धावांचा होता. मेग लॅनिंग, जेमिमा रॉड्रिग्ज आणि शफाली वर्मा यांच्याभोवती बांधलेल्या या संघाला अपयशी म्हणायचं का? माझं उत्तर स्वच्छ आहे. तीन हंगाम सातत्याने सर्वांत वर राहणारा संघ उभारणं हे चषक जिंकण्याइतकंच कठीण काम आहे, आणि निव्वळ उभारणीच्या कसोटीवर पहिल्या तीन वर्षांतला सर्वोत्तम संघ दिल्लीचा होता. अंतिम सामन्यातलं दडपण पेलण्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याची जबाबदारी प्रशिक्षक, कर्णधार आणि खेळाडूंमध्ये वाटली जाते.

मुंबईचं यश मोठं आहे, पण त्यातही एक जागा थांबून पाहण्यासारखी आहे. वेस्ट इंडिजच्या हेली मॅथ्यूजवर २०२३ च्या लिलावात पहिल्या फेरीत कुणीच बोली लावली नाही. तिचं नाव पुन्हा आलं तेव्हा मुंबईने ती ४० लाखांच्या मूळ किमतीत घेतली. ती सर्वाधिक बळी घेणारी गोलंदाज आणि मालिकेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. या निवडीचं श्रेय मुंबईला जरूर द्यावं, पण पहिल्या फेरीत मुंबईनेही हात वर केला नव्हता हे विसरू नये. दुसऱ्या संधीला सावध असणं हा गुण आहे, आणि पहिल्या वेळी सगळेच चुकले हे सत्य आहे. मूल्यमापन करायचं तर दोन्ही वाक्यं लिहावी लागतात.

आता महिलांच्या खेळातली जी कसोटी पुरुषांच्या खेळात क्वचित विचारली जाते तिच्याकडे वळतो. लास व्हेगास एसेस हा डब्ल्यूएनबीएमधला अलीकडचा सर्वांत यशस्वी संघ. २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. जानेवारी २०२३ मध्ये या संघाने गरोदर असलेल्या डिअरिका हॅम्बी या खेळाडूला दुसऱ्या संघाकडे पाठवलं. गरोदरपणामुळे आपल्याशी अन्याय झाला, असं तिने जाहीरपणे सांगितलं. लीगने चौकशी केली. संघाकडून नियमबाह्य लाभ देऊ केल्याबद्दल २०२५ ची पहिल्या फेरीची निवड काढून घेतली, आणि गरोदरपणाबद्दलच्या बोलण्यावरून प्रशिक्षक बेकी हॅमन यांना दोन सामन्यांसाठी बाहेर ठेवलं. हॅमन यांनी आरोप नाकारले. त्याच वर्षी संघ विजेता ठरला. या संघाच्या २०२३ च्या कामाला शंभर गुण द्यायचे का? जो निव्वळ चषक मोजतो तो देईल. मी देणार नाही. २०२० च्या करारापासून त्या लीगमध्ये बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळतो. नियम कागदावर आल्यावर तो मनापासून पाळणं हे व्यवस्थापनाचं काम आहे, आणि त्याचे गुण वेगळे मोजले पाहिजेत.

त्याच लीगमधली दुसरी घटना उलट बाजूची आहे. २०२१ मध्ये न्यूयॉर्क लिबर्टीने आपल्या खेळाडूंच्या प्रवासासाठी खास विमानं घेतली. नियमाप्रमाणे ते चालत नव्हतं, कारण सगळ्या संघांना ते परवडणारं नव्हतं. लीगने त्यांना पाच लाख डॉलरचा दंड केला. २०२४ पासून मात्र लीगनेच सर्व संघांसाठी खास विमानांची सोय केली. नियम मोडणं योग्य होतं असं मी म्हणत नाही. पण खेळाडूची झोप, प्रवास आणि शरीर हा संघ उभारणीचाच भाग आहे, हे त्या व्यवस्थापनाने इतरांआधी ओळखलं, आणि ही नोंद त्यांच्या बाजूला जमा व्हायला हवी.

व्यवस्थापन नसलं तर काय होतं, हे साताऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तिथे एका लांबलेल्या कुस्तीनंतर खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीसाठी बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला त्या वेळी भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता, असं आजवर सांगितलं जातं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कांस्याचं राहिलं. त्या पदकाचा आपल्याला अभिमान आहे. त्या रिकाम्या जागेचा, जिथे एक जबाबदार माणूस उभा असायला हवा होता, तिचाही विचार आपण करायला हवा. खेळाडूच्या घामाला नियम, वेळ आणि पैसा यांची साथ मिळवून देणं, हेच तर या पदाचं काम.

मुलींच्या बाबतीत ही साथ पहिल्यांदा घरातून सुरू होते. स्मृतीचे वडील आणि भाऊ दोघेही सांगली जिल्ह्यासाठी क्रिकेट खेळले. नऊ वर्षांची असताना ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात निवडली गेली, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिने वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या. नऊ वर्षांच्या मुलीत पुढचं दिसणाऱ्या त्या निवडकर्त्यांचं नाव आज किती जणांना सांगता येईल? माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरची सुरुवात खो-खोने झाली. पुढे ती लांब पल्ल्याच्या धावण्याकडे आणि तिथून स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. तिच्या अंगातली ताकद कोणत्या शर्यतीत उपयोगी पडेल हे ओळखणं, ही निवड करणाऱ्याचीच नजर आहे.

साताऱ्यातली प्रवीण सावंत यांची अकादमी तर या अभ्यासासाठी आदर्श ठरते. बर्लिनमध्ये ५ ऑगस्ट २०२३ रोजी महिलांचं वैयक्तिक सुवर्ण आदितीने जिंकलं आणि त्याच दिवशी पुरुषांचं सुवर्ण नागपूरच्या ओजस देवतळेने. दोघंही साताऱ्यात सावंतांकडे सराव करणारे. एका जिल्ह्याच्या गावातल्या एका प्रशिक्षकाचे दोन शिष्य एकाच दिवशी जगज्जेते झाले, तर त्यामागे योगायोगाहून अधिक काहीतरी असणार. अशा माणसाला काय दिलं, काय मिळालं आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्या कामाला कोण हातभार लावणार, हा प्रश्न जिल्ह्याने स्वतःला विचारला पाहिजे. अकादमी एका माणसाच्या जिवावर चालते तोवर ती त्याच्या निवृत्तीबरोबर संपण्याचा धोका राहतो, आणि मागे काय उभं राहतं ही आपली तिसरी कसोटी इथेच लागू पडते.

या सगळ्यातून पुढच्या प्रकरणांसाठी काही प्रश्न हाती येतात. पैसा कुठे गेला, आणि मोठ्या नावांवर खर्च केल्यावर उरलेल्या पैशांत कोण शोधून काढलं? पहिलं अपयश आल्यावर गाभा राखला की घाबरून मोडला? दुखापत, बाळंतपण, प्रवास आणि सुरक्षितता यांची तयारी आधी केली की प्रसंग आल्यावर धावाधाव झाली? खेळाडू संघ सोडताना आधीपेक्षा पुढे गेली का, जशी आशा शोभना राष्ट्रीय संघापर्यंत गेली? आणि जबाबदार माणूस बदलला तरी पद्धत टिकली का? या प्रश्नांना एकाच आकड्यात उत्तर नाही. सगळे गुण बेरजेत घालून क्रमवारी लावण्याचा मोह टाळलेला बरा.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. महिला प्रीमियर लीगच्या साखळीत एका संघाला फक्त आठ सामने मिळतात, डब्ल्यूएनबीएमध्ये ४४. आठ सामन्यांत एक पाऊस, एक झेल, एक नाणेफेक सगळं चित्र बदलू शकते. शिवाय निर्णय नेमका कुणाचा, हे बाहेरून पूर्ण दिसत नाही. मालक, क्रिकेट संचालक, प्रशिक्षक, शोध घेणारे आणि कर्णधार असे सगळे एका टेबलाभोवती बसतात. म्हणून एखाद्या व्यक्तीला एकटीला श्रेय वा दोष देताना जपून लिहिलं पाहिजे. पण जपून लिहिणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. मोठे पैसे, मुलींची कारकीर्द आणि लोकांचा विश्वास जिथे गुंतलेला असतो, तिथे काम तपासलं गेलंच पाहिजे.

व्यावसायिक संघांकडून उत्तरं मिळवणं आपल्या हातात फारसं नाही. जिल्ह्यात मात्र पुष्कळ काही आहे. सातारा आणि सांगलीतल्या संघटनांनी, मंडळांनी, तालमींनी आणि शाळांनी मुलींच्या संघाची निवड करताना प्रत्येक निवडीचं कारण दोन ओळींत लिहून ठेवावं. ते लिखाण पालकांना आणि खेळाडूंना पाहता यावं. तीन वर्षांनी तेच लिखाण पुन्हा काढावं आणि काय खरं ठरलं, काय चुकलं, हे सगळ्यांसमोर वाचावं. निवड समितीत अनुभवी महिला खेळाडू असाव्यात. दुखापतीच्या उपचारासाठी आणि प्रवासासाठी वेगळी रक्कम राखलेली असावी आणि तिचा हिशेब वार्षिक सभेत मांडला जावा. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत, एक वही आणि ती उघडी ठेवण्याची तयारी लागते. वाचकांना माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी आपल्या गावची मुलगी निवडली गेली किंवा वगळली गेली, तर तिच्या संघाच्या व्यवस्थापकाला भेटा आणि कारण विचारा. सन्मानाने विचारा, पण विचारल्याशिवाय राहू नका.